रुखवतातलं मळकं विमान

माझ्या होणाऱ्या सासऱ्यांनी माझ्याशी पैज लावली तेव्हा पणाला काय लावलं, तर स्वतःची दुपारची झोप.

झोप म्हणजे खरं तर खोली. इंदिरानगरमधल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये मागच्या बाजूला एक लहान खोली आहे. तिच्यात एक लोखंडी खाट, उन्हाळ्याची वाट बघत बसलेला एक कूलर आणि पश्चिमेला एक मोठी खिडकी. गोविंदकाका (लग्न होईपर्यंत मी त्यांना काकाच म्हणत होते) जेवण झालं की त्या खोलीत जातात, दार लोटतात आणि चहाची वेळ होईपर्यंत बाहेर येत नाहीत. मला ती खोली हवी होती. खाट नको होती, कूलरही नको होता. खिडकी हवी होती.

मी विमानांची स्केल मॉडेल्स करते. प्लॅस्टिकचे सुटे भाग जोडणं हा त्यातला सोपा भाग. खरं काम रंगाचं. रंग एअरब्रशने मारायचा, म्हणजे पेनाएवढ्या फवाऱ्याने. त्याला हवा पुरवायला कॉम्प्रेसर लागतो, कॉम्प्रेसर घुरघुरतो, थिनरचा वास सुटतो आणि तो वास बाहेर जायला खिडकी लागते. माहेरी माझं सगळं बस्तान गॅलरीत होतं. लग्न ठरलं त्याच दिवशी आईने जाहीर केलं, "तुझा तो कॉम्प्रेसर तुझ्याबरोबर सासरी जाणार. गॅलरीत मी वॉशिंग मशीन ठेवणार आहे." म्हणजे इकडची जागा गेलीच होती. तिकडची मिळाली नाही तर कॉम्प्रेसर माळ्यावर जाणार होता, आणि माळ्यावर गेलेली वस्तू परत खाली आल्याचं माझ्या तरी पाहण्यात नाही.

गोविंदकाका हवाई दलात होते. विमान उडवणारे नव्हेत, विमान उडण्याजोगं ठेवणारे. मिग-२१ च्या सांगाड्याचे फिटर. त्यांच्या नोकरीतली बरीच वर्षं एकच विमान त्यांच्या देखभालीखाली होतं, आणि लोक जसं 'माझी म्हैस' म्हणतात तसं ते अजून 'माझं विमान' म्हणतात. आता ती सगळीच विमानं निवृत्त झाली. शेवटच्या विमानांना निरोप दिला त्या दिवशी काकांनी घरात टीव्ही लावू दिला नाही, हे मला आल्हादने सांगितलं होतं. आल्हाद म्हणजे त्यांचा मुलगा, माझा होणारा नवरा.

साखरपुड्यानंतर मी त्यांच्याकडे जेवायला गेले होते. आल्हादने हौसेने माझ्या एका मॉडेलचा फोटो काढून त्यांच्यासमोर धरला. काकांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि फोन नाकाजवळ नेला.

"रंग चांगला दिलायस. पण विमान मळवलंयस कशाला?"

"मळवलं नाही काका, वापरलेलं दाखवलंय. वेदरिंग म्हणतात त्याला. ऊन, धूळ, तेलाचे ओघळ, बुटांनी गेलेला रंग..."

"आमच्याकडे कुणी असं विमान ठेवलं असतं तर त्याची रजा रद्द झाली असती."

"पण विमान मळतंच. आणि प्रत्येक विमान वेगळं मळतं. हाताळणारे हात वेगळे असतात ना."

"काही वेगळंबिगळं नसतं. शेपटीवरचा नंबर झाकला की सगळी विमानं सारखी. जुळ्या पोरांसारखी."

"जुळी पोरं आईला ओळखू येतात की."

आल्हाद हसला. "संपलं बाबा. सापडलात."

"तू गप. लग्न होईपर्यंत तरी बापाच्या बाजूने राहा." मग ते माझ्याकडे वळले. "ठीक आहे. माझं विमान करून दाखव. नंबर घालायचा नाही. मी काही सांगणार नाही. नुसतं बघून माझ्या तोंडून निघालं पाहिजे, की हे माझं. निघालं तर मागची खोली तुझी."

"आणि नाही निघालं तर?"

"तर खोलीत मी झोपणार. माझ्या घोरण्याला तुझ्या कॉम्प्रेसरची साथ नको."

स्वयंपाकघरातून आशाकाकूंचा, म्हणजे माझ्या होणाऱ्या सासूबाईंचा आवाज आला, "घे गं आभा पैज. ते घोरणं एकदा ऐकलंस ना, की कॉम्प्रेसर बासरीसारखा वाटेल."

मी म्हटलं, "पण काका, यात एक अडचण आहे. पैज लावणारे तुम्ही आणि निकाल देणारेही तुम्हीच."

"मी खोटं बोलत नाही," काका म्हणाले. "विमानाबद्दल तर नाहीच."

मॉडेल लग्नात रुखवतात मांडायचं आणि निकाल तिथेच, सगळ्यांसमोर लावायचा, हेही त्यांनीच ठरवलं. सुपाऱ्यांची बाहुली आणि लाडवांच्या उतरंडीशेजारी लढाऊ विमान! या कल्पनेनेच त्यांना इतकं हसू आलं की पैज ते आधीच जिंकल्यासारखे दिसत होते.

मी रसायनशास्त्रात एम.एस्सी. केलं आहे आणि दिंडोरीच्या एका वायनरीच्या प्रयोगशाळेत काम करते. कुठलीही वस्तू समोर आली की आधी मोजायची आणि मग मत द्यायचं, हे माझ्या अंगवळणी पडलं आहे. त्यामुळे मी माहिती गोळा करायला लागले. दर रविवारी काही ना काही कारण काढून इंदिरानगरला जायचे आणि चहा पिता पिता सहज विचारल्यासारखं विचारायचे. काका सहज उत्तर दिल्यासारखं काहीच सांगायचे नाहीत.

"काका, तेल गळायचं का हो कुठून?"

"आमच्या विमानातून? छे."

"तुमचा तळ तर धुळीचा होता म्हणे."

"धूळ होती. आमच्या विमानावर बसायला घाबरायची."

"म्हणजे दिसायचं कसं?"

"आरशासारखं. त्यात बघून मी भांग पाडायचो."

त्यांच्या डोक्याकडे बघता ही माहिती पडताळून पाहण्याची सोय उरलेली नव्हती.

पुरावा म्हणून एकच फोटो होता, हॉलमधल्या भिंतीवर. रंग उडालेला. त्यात काका विमानासमोर हाताची घडी घालून उभे आहेत आणि निम्मं विमान त्यांनी स्वतःच झाकलं आहे. उरलेल्या निम्म्यात हिरवं नाक दिसतं, करड्या रंगाची डावी बाजू दिसते, आणि ती बाजू खरोखरच चकाकते. मी ती चकाकी उन्हाची धरली. इतकी वर्षं उन्हातान्हात उभं राहिलेलं विमान असं तुकतुकीत असणं शक्य नव्हतं. एखादा आकडा बाकीच्या आकड्यांशी जुळत नसेल तर तो चुकीचा समजून बाजूला ठेवायचा, ही प्रयोगशाळेतली सोयीची सवय आहे. ती किती सोयीची आहे ते पुढे कळलं.

खरा धागा मिळाला तो ट्यूबलाइटमुळे. एका रविवारी हॉलमधली ट्यूब गेली. आल्हादने भिंतीशी स्टूल आणून ठेवलं, ट्यूबच्या डाव्या टोकाशी. काकांनी ते पायाने ढकलत उजव्या टोकाशी नेलं, वर चढले आणि डाव्या हाताने ट्यूब फिरवून काढली. काका डावखुरे आहेत हे मला माहीत होतं. कप ते डाव्या हाताने उचलतात, मलाही आशीर्वाद देताना त्यांचा आधी डावाच हात वर येतो आणि मग घाईने बदलला जातो. पण त्या हातासाठी ते स्टुलाची जागा बदलतात, हे मी पहिल्यांदाच पाहिलं.

मिग-२१ च्या पाठीवर, कण्यासारख्या उंचवट्यावर, उघडून बघायची झाकणं असतात. तिथे पोचायला माणूस पंखावर चढतो. मी पाहिलेल्या बहुतेक फोटोंमध्ये डाव्या पंखाच्या मुळाशी रंग जास्त गेलेला होता. वैमानिकाची शिडीही त्याच बाजूला लागते, सगळी ये-जा तिथूनच. पण डाव्या पंखावर नाकाकडे तोंड करून उभं राहिलं तर झाकणं उजव्या हाताला येतात. डावखुऱ्या माणसाला ते गैरसोयीचं. तो उजव्या पंखावर चढेल. आणि तो रोज चढत असेल तर उजव्या पंखाच्या मुळाशीही एक जागा घासली जाईल.

हा अंदाज होता. त्याला पुरावा काहीही नव्हता. काकांना विचारावं तर ते म्हणाले असते, आमच्या विमानावर कुणी पाय ठेवायचंच नाही, आम्ही तरंगत काम करायचो.

मी कामाला लागले. एकास अठ्ठेचाळीस मापाचं मॉडेल आणलं, जोडल्यावर फूटभर लांब होतं. या मापात तीस सेंटिमीटरचा बूट सहा मिलिमीटरचा होतो, साधारण तांदळाच्या दाण्याएवढा. डाग त्या हिशेबातच पडले पाहिजेत. मॉडेल करणारे नवशिके इथेच चुकतात. त्यांचा ओघळ खऱ्या मापात नेला तर विमानावर कुणी बादली उपडी केल्यासारखा दिसेल.

आधी सगळं विमान चंदेरी रंगवलं, कारण खालचा धातू तोच. मग जिथे रंग उडालेला दाखवायचा तिथे पाण्याचा हात फिरवला आणि जाडं मीठ भुरभुरलं. मीठ वाळलं की ते चिकटून बसतं. त्यावरून करडा रंग मारायचा, तो सुकला की मीठ ब्रशने झाडून टाकायचं. मिठाखालची जागा चंदेरीच राहते, आणि तिच्या कडा इतक्या वेड्यावाकड्या येतात की हाताने तशा काढताच येत नाहीत.

मला मिठाची बरणी घेऊन गॅलरीत बसलेली बघून आई दारात थांबली. "लोणचं घालतेस की दृष्ट काढतेस?"

"रंग उडवतेय."

"आत्ता तर देत होतीस."

"देऊनच उडवायचा असतो."

"आणि हे सासरी जाऊन करणार," आई आत जाता जाता म्हणाली. "देवा, त्या माणसांना सांभाळ रे बाबा."

रंगावर चकचकीत लाखेचा पातळ थर दिला, भारतीय हवाई दलाची वर्तुळं चिकटवली. पत्र्यांच्या जोडांमध्ये काळपट तेलरंग पातळ करून सोडला आणि वरचा पुसून घेतला, म्हणजे तो फक्त फटींमध्ये राहतो. पोटाखाली तोफेच्या धुराची काजळी, शेपटाशी उष्णतेने निळसर झालेला धातू. मग सगळी चमक मारायला मंद लाख. आणि उजव्या पंखाच्या मुळाशी, नुसत्या अंदाजाच्या जोरावर, तांदळाच्या दाण्यांएवढ्या पावलांनी घासलेली ती एक जागा. तिच्यावर मी बाकी सगळ्या विमानापेक्षा जास्त वेळ घालवला.

शेवटी धूळ. रंगीत खडू पॉलिशपेपरवर घासून त्याची पूड मऊ ब्रशने लावायची. या थरावर लाख मारता येत नाही, मारली की पूड दिसेनाशी होते. म्हणजे हा थर कशानेच पक्का केलेला नसतो, फक्त टेकलेला असतो. म्हणून मी घरातल्या सगळ्यांना बजावून सांगितलं, की विमानाला हात लावायचा नाही. सगळ्यांना म्हणजे त्या दिवशी घरात होते त्या सगळ्यांना. गोदाआत्या सिन्नरहून दुसऱ्या दिवशी आली.

गोदाआत्या ही माझी थोरली आत्या. आमच्या घराण्यात कुठलंही लग्न असो, रुखवत तीच मांडते. लग्न डिसेंबरमध्ये होतं, गंगापूर रोडच्या एका कार्यालयात. सकाळी मी पिवळी साडी, मुंडावळ्या आणि कोपरापर्यंत मेंदी अशा अवस्थेत नवरीच्या खोलीत बसले होते. आत्या आली ती पदराला हात पुसतच.

"रुखवत झालं गं मांडून. लय छान दिसतंय. तुझं विमान पण पुसलं हो मी."

"कशाने?"

"खोबरेल तेलाच्या बोळ्याने. पाटांना तेलाचा हात देत होते ना, त्यातच फिरवला. सकाळी बाटलीत पार थिजलं होतं तेल, उन्हात ठेवून पातळ केलं. काय चमकतंय म्हणून सांगू!"

"आत्या, ती धूळ मी लावली होती."

"धूळ लावायची असते का बाई? तीपण रुखवतात? व्याह्यांकडची माणसं म्हणतील, मुलीकडच्यांना एक फडकं मिळालं नाय."

"सगळं पुसलंस?"

"छे गं. पुढची बाजू तेवढी. मागची भिंतीकडे हाय, ती कोण बघतंय?"

मी उठले. मुहूर्ताला अजून अर्धा तास होता, स्पिरिट आणि कापसाच्या काड्या माझ्या बॅगेत होत्या, बॅग गाडीत होती. आई दारात आडवी झाली.

"कुठे?"

"दोनच मिनिटं. जरा थिनर..."

"मेंदीच्या हाताला थिनर लागला तर बघ. बस खाली. नवरी आहेस तू, गॅरेजमधली मेकॅनिक नाहीस."

मी बसले. अंतरपाटाआड उभी राहिले तेव्हा मनात नवऱ्याचा चेहरा यायला हवा होता. माझ्या मनात तेलाचा थर होता. मंद लाखेचा पृष्ठभाग सूक्ष्म खडबडीत असतो, त्यावरून प्रकाश सगळीकडे विखुरतो, म्हणून तो निस्तेज दिसतो. तेल त्या खळग्यांमध्ये भरलं की पृष्ठभाग सपाट होतो, चमकतो आणि काळपटही दिसतो. म्हणजे पुढच्या बाजूचं माझं सगळं काम तेलाखाली गेलं होतं. मंगलाष्टका संपल्या, अक्षता पडल्या, अंतरपाट दूर झाला आणि समोर आल्हाद होता. त्याने माझा चेहरा बघितला आणि हळूच विचारलं, "काय झालं? पळून जायचंय का?"

"विमानाला तेल लावलंय आत्याने."

"कुठलं?"

"खोबरेल."

हार घालताना नवरदेव इतका का हसतो आहे, हे त्या दिवशी फोटोग्राफरलाही कळलं नाही.

जेवणं झाल्यावर सगळे रुखवताशी जमले. सुपाऱ्यांची नवरा-नवरी, लाडवांची उतरंड, तेल प्यायलेले पाट, आणि मधोमध भिंतीला उजवा पंख लावून, डावी बाजू लोकांकडे करून उभं असलेलं माझं विमान. ते समईसारखं झळकत होतं. कुणीतरी ओरडलं, "आधी उखाणा!" मी मनात दुसराच काहीतरी तयार ठेवला होता, पण समोर काका चष्मा पुसत उभे होते.

"एकास अठ्ठेचाळीस मापाचं केलं विमान,
आल्हादरावांचं नाव घेते, बाबांनी ठेवावा शब्दाचा मान."

"बाबा म्हणाली!" आशाकाकू म्हणाल्या. "आता कसला न्याय होणार? परीक्षक फितला!"

"फितत नसतो," असं म्हणून बाबांनी चष्मा चढवला, गुडघ्यांवर हात टेकले आणि ते वाकले. त्यांनी नाक बघितलं. डावी बाजू बघितली. पंखाखाली, जिथे आत्याचा बोळा पोचला नव्हता आणि चमक एकदम संपून धूळ सुरू होत होती, तिथे ते बराच वेळ बघत राहिले. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, त्यांना काही होतंय. ते हसत होते.

"हे कुणी पुसलं?"

"मी," आत्या पुढे झाली. "का, नीट नाय झालं का?"

"अर्धंच झालंय."

"पुढचं पुसलं की. मागचं कोण बघतंय, व्याहीबुवा?"

यावर बाबा खुर्ची ओढून खाली बसले आणि त्यांनी चष्मा काढून डोळे टिपले. "कोण बघतंय! अगदी हेच म्हणायचो आम्ही." श्वास सापडल्यावर ते सांगू लागले. "साहेब पाहणीला यायचे ते नेहमी एकाच बाजूने चालत जायचे. वेळ कमी, फडकं एक. मग मी काय करायचो, तर तेलाचा जरासा हात, आणि फक्त त्यांच्या बाजूला. डावी बाजू आरसा. उजवी बाजू आहे तशी. आजवर कुणाला सांगितलं नव्हतं हे."

"मला सांगायचात ना, आरशासारखं होतं म्हणून," मी म्हटलं.

"अर्धं खरं होतं."

"आणि तो भिंतीवरचा फोटो?"

"पाहणीच्याच दिवशीचा. त्याशिवाय त्याच्या इतक्या जवळ उभा राहून फोटो काढला असता होय मी? कपडे खराब झाले असते."

म्हणजे मी ज्याला ऊन समजून बाजूला ठेवलं, तोच एकमेव खरा पुरावा होता. तो माझ्या हातून सुटला, आणि आत्याने खोबरेल तेलाच्या बोळ्याने नकळत जागेवर आणून ठेवला.

आल्हादने टाळी वाजवली. "ओळखलंत! सगळ्यांसमोर ओळखलंत. हरलात बाबा, खोली गेली."

मी गप्प राहायला हवं होतं. आईच्या डोळ्यांत तेच लिहिलेलं होतं. पण माझ्याच्याने राहवेना.

"नाही," मी म्हणाले. "ही बाजू आत्याने केलीय. माझं काम नाही ते. नमुना दूषित झालाय, त्यावरून निकाल धरता येणार नाही."

आईने कपाळावर हात मारला. "अगं, जिंकली होतीस ना!"

"ही शाळेतपण अशीच होती," आत्या म्हणाली. "बाईंनी मार्क जास्त दिले तर परत करायला जायची."

बाबा मात्र माझ्याकडे बघत राहिले. आता ते हसत नव्हते. "मग तुझं काम कुठाय?"

"मागच्या बाजूला."

ते उठले. डावा हात विमानाच्या पोटाखाली घालून त्यांनी ते अलगद उचललं. तोपर्यंत माझ्या कुठल्याही मॉडेलला कुणी इतकं नीट उचललेलं मी पाहिलं नव्हतं. त्यांनी ते वळवलं. उजवी बाजू तशीच होती, धुळीसकट. ओघळांवरून त्यांची नजर सावकाश फिरत पंखाच्या मुळाशी गेली आणि तिथेच थांबली. त्यांनी अंगठा त्या घासलेल्या जागेजवळ नेला, पण टेकवला नाही.

"हे तुला कुणी सांगितलं?"

"तुमच्या स्टुलाने."

"कुणी?"

मी ट्यूबलाइटचं सांगितलं. डावा हात, उजवा पंख, पाठीवरची झाकणं. बोलता बोलता मला जाणवलं, की मी लग्नाच्या हॉलमध्ये मुंडावळ्या बांधून प्रकल्पाचं सादरीकरण करते आहे, पण बाबा ऐकत होते.

"बाकी सगळे डावीकडून चढायचे," ते म्हणाले. "मी एकटा इकडून. सार्जंट ओरडायचा, तुझ्यामुळे दोन्हीकडचा रंग जातो. रंग देऊन व्हायचा, आणि महिन्याभरात परत एवढीच जागा उघडी. एवढीच." त्यांनी विमान जरा उजेडाकडे धरलं. "ते शेवटी कुठे गेलं, मला माहीत नाही. कुठल्यातरी चौकात खांबावर चढवलं असेल. नवा रंग देऊन. म्हणजे तिथे हे नसणार."



"माझंच आहे हे," बाबा म्हणाले. हे त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं नाही, पण मला ऐकू आलं. मग त्यांनी घसा साफ केला आणि आवाज नेहमीचा केला. "पण एक चूक आहे."

"कुठली?"

"माझा बूट नऊ नंबरचा. हा दहाचा वाटतोय."

"बाबा, नऊ आणि दहामधला फरक या मापात पाव मिलिमीटरसुद्धा भरत नाही."

"म्हणजे चूक आहे की नाही?"

मी मोजून विचार केला. "आहे."

"बघा," ते सगळ्यांकडे वळून म्हणाले, "खोली देतोय, पण चूक काढून देतोय."

खाट आता हॉलमध्ये आली आहे. मागच्या खोलीत माझं टेबल आहे, खिडकी आहे, आणि कॉम्प्रेसर घुरघुरतो. आशाकाकूंचं, म्हणजे आता आईंचं म्हणणं आहे की दुपारी हॉलमधून एक आवाज आणि आतून दुसरा असे दोन्ही सुरू झाले की कोण कुणाला साथ करतंय ते समजत नाही. बाबा झोप झाली की आत येऊन उभे राहतात आणि मी नवीन काय मळवते आहे ते बघतात. परवा म्हणाले, "इथे ओघळ उलटा गेलाय. वारा पुढून येतो, मागून नाही." त्यांचं म्हणणं बरोबर नव्हतं, तो ओघळ जमिनीवर उभ्या विमानाचा होता. अर्धा तास वाद झाला आणि चहा गार झाला.

त्यांचं विमान हॉलमधल्या शोकेसमध्ये आहे, डावी बाजू पाहुण्यांकडे करून. जानेवारीतल्या थंडीत आत्याचं तेल रात्रभर थिजतं, त्यामुळे सकाळी ती बाजू पांढुरकी, धुरकट दिसते. दुपारी शोकेसवर ऊन आलं की पुन्हा आरसा. साबणाच्या पाण्याने मी ते एका हातात काढू शकते, असं मी बाबांना दोनदा सांगून पाहिलं.

"राहू दे," ते म्हणाले. "सकाळी कुठे कोण पाहणीला येतंय?"

पण पाहुणा त्यांच्या मनासारखा निघाला, तर ते शोकेस उघडतात, डावा हात पोटाखाली घालतात आणि विमान वळवून दाखवतात.